उंदीर नको म्हणणारा साप आणि डेक्कन क्वीनच्या ३३६ फेऱ्या

घरी बॉल पायथन पाळणाऱ्यांची झोप साप चावल्याने उडत नाही. साप जेवेनासा झाला की उडते! एक आठवडा गेला, समोरचा उंदीर तसाच. दुसरा गेला, तिसरा गेला, सहावाही सरला. ४२ दिवस! दिवसाला दोन जेवणं धरली तर ८४ ताटं परत गेली. आपण संकष्टीला दुपारी चारपासूनच चंद्रोदयाची वेळ बघायला लागतो.

पण थांबा, ४२ तर काहीच नाहीत. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठाच्या मार्शल मॅक्यू यांनी बॉल पायथन, रॅटलस्नेक आणि रॅटस्नेक या तिघांनाही उपास घडवले. निष्कर्ष छापून आले २००७ साली. सगळ्यात लांबलेला उपास किती? १६८ दिवस! एवढ्या काळात आपली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला आणि संध्याकाळी माघारी, अशा ३३६ फेऱ्या मारते. फेरीला १९२ किलोमीटर. बेरीज ६४,५१२! पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालूनही चार हजारांवर किलोमीटर शिल्लक. आणि त्या साऱ्या वाटेवर डायनिंग कारमध्ये ऑम्लेटं उलटतायत, आणि हा पठ्ठ्या आपला वेटोळं घालून गप्प.

जमतं कसं? खर्च कापून. शरीराचा ऊर्जेचा खर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी खाली आणलेला आढळला. महिना ३०,००० रुपयांत चालणारं घर ८,४०० रुपयांत चालवून दाखवा बरं! त्याहून कहर म्हणजे उपाशीपोटी हे साप लांबीने वाढले. पगार बंद, आणि घरावर मजला चढतोय!

आता पान उलटा. बर्मी अजगराने मोठं सावज गिळलं की हाच खर्च ४४ पटींपर्यंत उसळतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ७५ वॅटच्या बल्बइतकी ऊर्जा जाळतो. गुणा ४४ ने: ३,३०० वॅट! बल्बचा थेट गीझर झाला. दोन दिवसांत अजगराचं हृदयसुद्धा ४० टक्क्यांनी फुगतं.

अर्थात घरचा बॉल पायथन जेवेनासा झाला तर तराजू जवळ ठेवावा, वाटीत पाणी असावं, पेटीतली ऊब तपासावी. वजन घसरतच राहिलं तर पशुवैद्य गाठावा. पण कात टाकायची वेळ, थंडी, मीलनाचा हंगाम, यातलं काहीही या सापाला अन्नावरून उठवायला पुरतं.

आणि आता सगळ्यात मोठा आकडा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी १९६१ साली आली. इकडे पानशेत धरण फुटलं ते साल! २०२० मध्ये तिने सात अंडी घातली, अंदाजे वय ६२. बासष्ट वर्षं म्हणजे ३,२०० हून जास्त आठवडे. त्यात सहा आठवड्यांचा उपास किती? हे सारं आयुष्य मुंबई–पुणे लोहमार्गावर पसरलं, तर तो उपास जेमतेम ३६० मीटर! सोळा डब्यांची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून निघून स्वतःच्या लांबीइतकीही पुढे सरकलेली नसते.