नकाशावर २७, रस्त्यावर ५० : भोर-वेल्हे फेरीचा हिशोब

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले तरी व्यवहारात वेल्हे हाच शब्द तोंडी आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन गावांमधील हवाई अंतर सुमारे २७ किलोमीटर भरते. हा आकडा धरून नवखा व्यापारी तासाभरात माल पोचवण्याचा शब्द देतो आणि तेथेच फसतो.

कारण सरळ रेषेत रस्ता नाही. मध्ये वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे लांबवर पसरलेले पाणी आहे. हे धरण १९२०च्या दशकात पूर्ण झाले. पाण्यापलीकडे राजगडाचा डोंगर आडवा येतो. म्हणून मालाच्या टेम्पोला भोरहून आधी कापूरहोळला येऊन पुणे-सातारा महामार्ग गाठावा लागतो. तेथून पुण्याच्या दिशेने नसरापूरचा चेलाडी फाटा आणि मग पश्चिमेस मार्गासनी, विंझरवरून वेल्हे. ही वाट ५० किलोमीटरच्या आसपास जाते. भरल्या गाडीने दीड तास धरावा, पावसाळ्यात त्याहून अधिक.

आता पैशाचे बघू. समजा, टेम्पो लिटरला १० किलोमीटर चालतो. हवाई अंतर धरले तर जाऊन-येऊन ५४ किलोमीटर, म्हणजे साडेपाच लिटरहून कमी डिझेल. प्रत्यक्षात लागते १० लिटर. हा फरक दरात धरला नाही, तर सुतार, वेल्डर किंवा गादीवाल्याची मजुरी वाटेतच संपते. शिवाय जाण्या-येण्यात गेलेले तीन तास हेही कामाचेच तास आहेत. तेवढ्या वेळात दुकानात दुसरे काम झाले असते.

कोकणाकडे हा फरक आणखी वाढतो. भोर ते महाड हवाई अंतर ५० किलोमीटरच्याही आत आहे. पण वरंध घाटाची वाट त्याहून बरीच लांब व वळणांची. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने हा घाट अनेकदा बंद ठेवला जातो. मग ताम्हिणीचा किंवा महाबळेश्वर-पोलादपूर दरम्यानच्या आंबेनळी घाटाचा वळसा पडतो. तोही चालू असल्याची खात्री आधी करावी लागते.

आमचे व्यापारी व कारागीर बंधूंना सांगणे एवढेच की, भाव ठरवताना किलोमीटर रस्त्याचे धरा, जाण्याचे व येण्याचेही. पोचवण्याची वेळ लेखी द्या आणि पावसाळ्यासाठी वेगळी लिहा. पुण्याहून माल आणणाऱ्या भोर व वेल्ह्याच्या दुकानदारांनी नसरापूरपर्यंत एकच गाडी करावी. तोपर्यंतची वाट दोघांची एकच आहे, तर भाडे दोनदा का भरावे?

नकाशा दिशा दाखवतो. भाडे मात्र रस्त्याचेच द्यावे लागते.