वाळूच्या फटीतून – ९ : तेरणेचा झिरा

आज चिकट ग्रंथींवर लिहायचं कबूल केलं होतं. लाट आली की वाळूच्या फटींत राहणारे कृमी कणाला घट्ट धरतात आणि दुसऱ्याच क्षणी सोडूनही देतात, ते कसं, हे आता पुढच्या आठवड्यात. मध्येच ढोकीहून एक पत्र आलं. लिहिणारे शेतकरी आहेत, डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींशी त्यांचं जुनं वैर आहे. ते विचारतात, "समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटर. गोव्याच्या वाळूचं एवढं कौतुक करता, आमच्या तेरणा नदीच्या वाळूत काहीच नसतं का?"

असतं, आणि पुष्कळ असतं. या जिवांना समुद्रापेक्षा फट महत्त्वाची. दोन कणांमध्ये जागा, तिच्यात पाणी, पाण्यात थोडा प्राणवायू आणि कणांवर जिवाणूंचा पातळ थर, एवढं जमलं की संसार थाटला. नदीच्या वाळूतही सूत्रकृमी असतात, गांडुळांचे केसासारखे बारीक भाऊबंद असतात.

ते पकडण्याची एक शास्त्रीय पद्धत वाचून पत्रलेखकांना हसू येईल. पाण्यालगतच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी पाझरू द्यायचं आणि ते बारीक जाळीतून गाळायचं. कारामान आणि शापुई या दोन युरोपीय संशोधकांच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या बायका उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरत आल्या, तो खड्डा हाच. फक्त पदराची गाळणी जरा जाड!

आता माझा लाडका कृमी. ट्रोग्लोकीटस. 1921 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गुहेतल्या पाण्यातून त्याची नोंद झाली. जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर लांब, डोळे नाहीत, अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. त्याचं बहुतेक सगळं गणगोत समुद्रात, आणि हा आल्प्सच्या परिसरात! पुढे तो अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरी ओढ्यांखालीही सापडला. समुद्र मागे हटताना तो मागे राहिला, की फटीफटीतून नदी चढत वर आला, यावर वाद आहे. मला मागे राहिल्याचा तर्क जास्त पटतो.

आपल्याकडे आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे वाय. रंगा रेड्डी यांनी आंध्रातली नदीकाठची वाळू आणि विहिरी गाळून बॅथिनेला गटातल्या कितीतरी नव्या जातींची वर्णनं केली. हे कृमी नव्हेत, कोळंबीचे दूरचे नातलग. पण लांबट, रंगहीन आणि आंधळे. पहिला बॅथिनेला 1882 मध्ये प्रागच्या एका विहिरीतून मिळाला होता. यांची पिल्लं पाण्यातून दूरवर पोहत जात नाहीत, त्यामुळे एकेक जात लहानशा टापूतच अडकून राहते. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. तरीही तेरणेची जात वेगळीच निघाली तर मला नवल वाटणार नाही.

मात्र फटी गाळाने बुजल्या की सगळं संपलं. आणि वाळूच उरली नाही तर फटी कुठल्या, म्हणून वाळूउपसा झालेल्या जागी खड्डा घेण्यात अर्थ नाही.

तेव्हा ढोकीकरांनो, शेजारच्या तेरकरांनो, अजून वाळू शिल्लक असलेल्या जागी झिरा उकरा. पहिलं गढूळ पाणी फेकू नका, जीव त्यातच असतात. दाट विणीच्या तलम कापडातून ते गाळा, कापडावरचा ऐवज त्याच पाण्यात बाटलीत घ्या, बाटली सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बाटलीवर जागा आणि तारीख लिहायला विसरू नका.