जुनें तें सोनें, कीं नुसता मुलामा ?

‘गोल्डफिंगर’ हा गुप्तहेर जेम्स बाँडचा चित्रपट सप्टेंबर १९६४ मध्यें लंडन येथें प्रथम झळकला. त्याला आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी त्याच्या भक्तमंडळींतील एक वाद अद्याप मिटलेला नाहीं. हा चित्रपट खरोखरच काळाच्या कसोटीस उतरला आहे, कीं केवळ आठवणींच्या मायेमुळें आपण त्यास डोक्यावर घेतों ? वरवर पाहतां हा रिकामटेकड्यांचा विषय वाटेल. परंतु वडिलांनीं आपल्या तारुण्यांतील आवडता चित्रपट मोठ्या हौसेनें मुलांस दाखवावा, आणि मध्येंच कन्येनें “बाबा, हें तुम्हांला आवडलें तरी कसें ?” असें विचारावें, असे प्रसंग ज्या घरीं येतात तेथें तो विषय रिकामटेकडा राहत नाहीं.

मूळ कादंबरी इयान फ्लेमिंग यांची, १९५९ सालची. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं महिनाभर आधीं, ऑगस्ट १९६४ मध्यें, ते निवर्तले. कादंबरींतील खलनायक अमेरिकेच्या फोर्ट नॉक्स येथील सुवर्णभांडार लुटावयास निघतो. इतकें सोनें तो उचलून नेणार कसा, ही शंका चित्रपटकारांनीं मोठ्या चातुर्यानें खुद्द बाँडच्याच तोंडीं घातली आहे. तो वजनाचा, माणसांचा आणि दिवसांचा हिशेब मांडून खलनायकास हिणवतो. आणि खलनायक शांतपणें सांगतो कीं, सोनें हलवावयाचेंच नाहीं! अणुस्फोटानें तें किरणोत्सर्गी करून निरुपयोगी करावयाचें, म्हणजे त्याच्या स्वतःच्या संग्रहाचें मोल आपोआप अनेकपट वाढेल. मुळाहून रूपांतर सरस होण्याचीं उदाहरणें विरळा. हें त्यांपैकीं एक होय, असें आमचें मत आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. हें सोनें ५८ वर्षें अस्पर्श राहील असें खलनायक सांगतो, आणि बाँबमध्यें कोबाल्ट व आयोडीन असल्याचा उल्लेख येतो. आयोडीनचा किरणोत्सर्ग दर आठ दिवसांनीं निम्मा होतो, म्हणजे कांहीं महिन्यांत त्याचा प्रभाव संपणारच. परंतु कोबाल्टचा सुमारें सव्वापांच वर्षांनीं निम्मा होतो. अठ्ठावन वर्षांत असे अकरा टप्पे पडतात आणि मूळच्या दोनहजारांश एवढाच अंश उरतो. तेव्हां लेखकांनीं हा आंकडा अगदींच हवेंतून आणला नसावा. बेत तडीस गेला असता तर तें सोनें २०२२ सालीं हाताळण्याजोगें झालें असतें. मात्र तोंपर्यंत त्याचें महत्त्व पूर्वींचें राहिलें नव्हतें. कारण परकीय सरकारांस डॉलरच्या मोबदल्यांत ३५ डॉलरला औंस या भावानें सोनें देण्याची प्रथा अध्यक्ष निक्सन यांनीं १९७१ मध्येंच बंद केली.

सोन्याच्या भावांतील तफावतीवर खलनायकाची चोरटी आयात-निर्यात चालते, हा भाग आजच्या तरुणांस कंटाळवाणा वाटतो. आपल्याकडील वडीलधाऱ्यांस तो समजावून सांगावा लागत नाहीं. कादंबरींतील त्या सोन्याची वाट हिंदुस्थानाकडेच येते. आणि १९६३ च्या सुवर्णनियंत्रणानें चौदा कॅरटपेक्षां अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हां कित्येक घरांतून मुलीच्या पाटल्यांचा बेत कसा रखडला, हें ज्यांनीं पाहिलें त्यांना परदेशांत सोनें स्वस्त व येथें महाग असण्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे. नियंत्रणाचा कायदा १९९० मध्यें रद्द झाला.

कांहीं गोष्टी मात्र उघडच पडल्या आहेत. अंगभर सोनेरी रंग दिल्यानें त्वचेचा श्वास कोंडून तरुणी मरते, हें शरीरशास्त्रास धरून नाहीं. ती भूमिका करणारी नटी शर्ली ईटन चित्रीकरणांतच दगावली अशी वदंता होती. तिनें तर १९९९ मध्यें आत्मचरित्र लिहिलें! बीटल्स मंडळींच्या गाण्याची बाँड थट्टा करतो. पुढें १९७३ मध्यें त्यांच्यांतीलच पॉल मॅकार्टनीनें बाँडच्या चित्रपटासाठीं गीत रचलें.

उत्तरार्धांत बाँड कैदेंतच असतो, आणि अखेरीस बाँब बंद करणाराहि तिसराच मनुष्य असतो, असा आक्षेप पुष्कळ जण घेतात. आम्हांस तो पटत नाहीं. कादंबरींत बाँडकडे करवत सरकत येते. चित्रपटांत तिच्या जागीं लेसर-किरण आला, आणि तो शोध तेव्हां अवघा चार वर्षांचा होता. त्या मेजावर बांधलेला बाँड बाहुबळानें किंवा यंत्रानें सुटत नाहीं. शत्रूच्या गुप्त बेताचें ऐकलेलें नांव उच्चारून, आपल्याला सर्व ठाऊक आहे असा आव आणून, सुटतो. हेराचें खरें हत्यार तेंच.

भक्तांतील खरी फूट पडते ती तबेल्यांतील प्रसंगावरून. खलनायकाच्या पदरीं असलेल्या वैमानिक स्त्रीवर (तिचें नांव कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत छापण्याजोगें नाहीं) बाँड बळजबरी करतो आणि ती अखेर वश होते. हा प्रसंग वगळून बाकीचा चित्रपट पाहावा, असें कित्येक सुचवितात. पण तें शक्य नाहीं. ती विषारी वायु बदलते आणि अमेरिकन अधिकाऱ्यांस बातमी पोंचविते, म्हणूनच फोर्ट नॉक्स वांचतें; आणि तिच्या या मनःपरिवर्तनाला त्या प्रसंगाखेरीज दुसरें कारण कथेंत दिलेलेंच नाहीं. म्हणजे दोष एका दृश्याचा नसून कथेच्या आढ्याचा आहे.

“त्या काळीं तसेंच चालावयाचें” हें समर्थन नेहमीं पुढें येतें. परंतु ती भूमिका करणाऱ्या ऑनर ब्लॅकमन याच बाई १९६२ ते १९६४ या काळांत ब्रिटिश टेलिव्हिजनवरील ‘दि ॲव्हेंजर्स’ या मालिकेंत ज्यूडोच्या डावांनीं पुरुषांस लोळविणारी, स्वतःच्या बुद्धीनें चालणारी विदुषी रंगवीत होत्या, आणि घरोघरचे प्रेक्षक ती मालिका आवडीनें पाहत होते.