गिअरच्या दांड्याचे दुखणे : जुन्या दुचाकीची वेळीच दुरुस्ती

जुन्या दुचाकीचे इंजिन उत्तम चालते, ब्रेक लागतात, दिवाही पेटतो; तरीही गाडी बेभरवशाची वाटते. याचे कारण अनेकदा पायाखालच्या वीतभर दांड्यात दडलेले असते. गिअर लिव्हर हा दुचाकीच्या अत्यंत स्वस्त भागांपैकी एक. मात्र त्याच्याकडे दुर्लक्ष केले, तर याच स्वस्त भागापायी इंजिन उघडण्याची वेळ येते.

जळगाव जिल्ह्यातील जामनेरसारख्या तालुक्यात ही तक्रार अधिक जाणवावी, अशीच तेथील परिस्थिती आहे. जमीन प्रामुख्याने काळी, कपाशीची. पावसाळ्यात शिवाररस्त्यावरचा चिकट चिखल दांड्याच्या सांध्यात बसतो, वाळला की दगडासारखा होतो आणि गिअर बदलताना प्रत्येक वेळी धातू घासत राहतो. उन्हाळ्यात त्याची जागा धूळ घेते. त्यातच खेड्यापाड्यांत फटफटी ही केवळ सवारी नसते. दुधाच्या कॅना, चाऱ्याचे भारे, फवारणीचा पंप असे सारे तिच्यावरूनच जाते. लादलेल्या गाडीला गिअर वारंवार बदलावे लागतात. जामनेरहून पहूरमार्गे फर्दापूर गाठून पुढे अजिंठ्याचा घाट चढायचा, तर चौथ्यावरून तिसऱ्या आणि तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर वेळेत यावेच लागते. अशा चढणीवर मागे मालमोटार असताना दांडा नुसताच फिरला, तर गोष्ट खर्चाची राहत नाही, जिवाची होते.

दांडा काम कसे करतो?

दांडा स्वतः गिअर बदलत नाही. तो पायाचा जोर आत पोहोचवतो. इंजिनाबाहेर डोकावणाऱ्या गिअर शाफ्टच्या टोकावर बारीक दाते असतात आणि दांड्याच्या भोकातही तसेच दाते असतात. या भोकाला एक फट ठेवलेली असते व तिच्यातून आडवा बोल्ट जातो. बोल्ट आवळला की फट आकसते आणि दात्यांत दाते घट्ट बसतात. आत हा शाफ्ट एका खाचांच्या ड्रमला एकेक घर पुढे किंवा मागे सरकवतो. ड्रमच्या खाचांत बसलेले काटे गिअरची चाके हलवतात. पाय उचलताच एक स्प्रिंग दांड्याला मूळ जागी आणते.

बिघाडाची सुरुवात बहुधा त्या एका बोल्टपासून होते. तो किंचित सैल झाला की दात्यांना खेळायला जागा मिळते आणि प्रत्येक दाबागणिक ते झिजू लागतात. पुढेमागे दोन टोके असलेल्या दांड्यावर टाच आपटून गिअर टाकण्याची सवय असेल, तर झीज आणखी वेगाने होते.

दोष बाहेर की आत?

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी एक साधी परीक्षा घरीच करता येते. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवावे. शाफ्टचे टोक आणि दांडा या दोहोंवरून जाणारी रंगाची एक सरळ रेघ ओढावी. मग एकाने मागचे चाक हाताने हळू फिरवावे व दुसऱ्याने दांडा हाताने दाबावा. चाक फिरवणे आवश्यक आहे, कारण उभ्या गाडीत आतली चाके समोरासमोर आली नाहीत, तर निर्दोष गिअरही पडत नाही. बोटे मात्र साखळी आणि आऱ्यांपासून दूर ठेवावीत.

दांडा फिरला, पण शाफ्टवरची रेघ मागे राहिली, तर दोष बाहेरच्या दात्यांत आहे. दोन्ही रेघा एकत्र फिरल्या आणि तरीही गिअर पडला नाही, तर आतली यंत्रणा तपासावी लागेल. दांडा दाबलेल्या जागीच राहत असेल, तर बाहेर अडकलेला चिखल, वाकलेला शाफ्ट किंवा तुटलेली स्प्रिंग, या क्रमाने शोध घ्यावा. शाफ्टच्या मुळाशी तेल पाझरत असेल, तर ऑईल सील गेले आहे.

गिअर जड पडतो, न्यूट्रल सापडत नाही, ही तक्रार मात्र अनेकदा दांड्याची नसतेच. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी क्लचच्या मुठीचा मोकळा खेळ पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो टोकाशी १० ते २० मिलिमीटर असतो. चार-स्ट्रोक दुचाकीत इंजिन, क्लच आणि गिअर यांना बहुधा एकच तेल लागते. त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असलेले, कंपनीने सांगितलेल्या घनतेचे तेलच घालावे. मोटारीसाठीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारे घटक ओल्या क्लचला मानवत नाहीत.

दुरुस्तीची पद्धत

दांडा काढण्याआधी त्याची मूळ जागा खुणेने नोंदवावी. सांध्यातील चिखल ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल लावावे व काही वेळ थांबावे. अनेक गाड्यांत बोल्ट शाफ्टवरील खाचेतून जातो. म्हणून तो नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढावा. मग फटीत पेचकस घालून ती अलगद रुंदावली, तर दांडा हाताने निघतो. हातोड्याचे घाव घालू नयेत. ते थेट शाफ्टवर आणि आतल्या भागांवर बसतात.

दाते शाबूत असतील, तर नवा बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर एवढ्यावर काम भागते. ६ मिलिमीटरचा हा बोल्ट १० नंबरच्या पान्याने सुमारे १० ते १२ न्यूटन-मीटर इतकाच आवळावा. अतिजोराने आटे घसरतात. फट पूर्ण मिटूनही दांडा हलत असेल, तर त्याचे दाते गेले, असे समजून दांडा बदलावा. कानशीने फट वाढवून तो पुन्हा आवळता येतो; परंतु हा घरापर्यंत पोहोचण्यापुरता उपाय आहे. नवा दांडा आणताना जुना सोबत न्यावा आणि शाफ्टचा व्यास व दात्यांची संख्या जुळते का, ते पाहावे.

ऑईल सील अनेक गाड्यांत बाहेरूनच बदलता येते. नवे सील बसवताना शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे. अन्यथा धारदार दाते सीलची नाजूक कड कापतात. शाफ्टचेच दाते झिजले असतील, तर मात्र इंजिनाचे बाजूचे झाकण उघडणे अपरिहार्य ठरते. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

वेल्डिंगचा मोह

दांडा शाफ्टला थेट वेल्डिंगने जोडून देणे, हा रस्त्याकडेच्या गॅरेजमधील नेहमीचा तोडगा. त्या दिवशी तो स्वस्त पडतो. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे रबरी सील जळते आणि तेल गळू लागते. त्याहून मोठी अडचण पुढे येते. बहुतेक गाड्यांत पुढच्या चेन स्प्रॉकेटचे झाकण काढण्यासाठी आधी दांडा काढावा लागतो. तो कायमचा चिकटला, की साखळीचे साधे कामही कापाकापीवर जाते. शेवटी शाफ्टही बदलावा लागतो. ज्या दुरुस्तीनंतर दांडा पुन्हा सुटा करता येत नाही, तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

सुधारणा करताना

दांडा बदलायचाच असेल, तर थोडी सुधारणाही साधता येते. चपला किंवा सँडल घालून गाडी चालवणाऱ्यांना दोन टोकांचा दांडा सोयीचा असतो, कारण अंगठ्याने दांडा वर उचलावा लागत नाही. बूट वापरणाऱ्यांना एकटोकी दांडा चपळ वाटतो. लांब दांड्याला जोर कमी लागतो, पण पायाची हालचाल वाढते. आखूड दांड्याचे याच्या उलट. पुढचे टोक दुमडणारे असेल, तर गाडी पडल्यावर धक्का शाफ्टपर्यंत कमी पोहोचतो. दांडा आणि शाफ्ट यांच्यामध्ये जोडदांडी असलेल्या गाड्यांत झिजलेले गोलक सांधे बदलून त्यांवर रबरी टोप्या बसवाव्यात. जोडदांडी व तिला जोडलेला छोटा हात यांच्यात साधारण काटकोन राखला, तर पायाचा जोर वाया जात नाही.

फार जुन्या गाड्यांबाबत मात्र सुधारणेचा उत्साह आवरलेला बरा. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझदी या गाड्यांत एकच दांडा किकचे आणि गिअरचेही काम करी. त्यांना दुसऱ्या गाडीचा दांडा चालत नाही. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश परंपरेप्रमाणे गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली आणि न्यूट्रलसाठी टाचेशी वेगळा खटका, अशी तिची रचना होती. अमेरिकेने १ सप्टेंबर १९७४ पासून गिअर डावीकडे असण्याचा नियम लागू केला आणि पुढे जगभर तीच रीत रूढ झाली. बुलेटचा गिअर या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने डावीकडे आला. उजवा गिअर डावीकडे नेण्यासाठी ब्रेकचीही जागा बदलावी लागते. त्यामुळे हे काम अर्धवट झाले, तर ते धोक्याचे आहे.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. त्याच जातीचा नवा दांडा बसवल्याने हे तपशील बदलत नाहीत. मात्र खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी होते. एमएच-१९ क्रमांकाची जुनी गाडी तपासणीला नेण्यापूर्वी दांडा, सील आणि क्लच ठीक करून घेणे हिताचे.

साखळीला तेल देताना दर वेळी दांडा हाताने हलवून पाहावा आणि पावसाळा संपताच सांधा धुऊन, पुसून बोल्ट तपासावा. या कामाला दहा मिनिटे आणि एक पाना पुरतो. घाटाच्या पायथ्याशी त्याच दहा मिनिटांची किंमत कळते.