बिअर गोड का राहिली?

अख्ख्या धान्यापासून पहिल्यांदा केलेली बिअर बहुधा मनासारखी निघत नाही. एक तर पाणचट, नाहीतर गोडसर आणि जड. दोष यीस्टवर ढकलला जातो. पण निकाल बराचसा आधीच, बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात मुरताना लागलेला असतो.

माल्टमधली दोन विकरे स्टार्च तोडतात. बीटा-अमायलेज स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर सुटी करते. तिला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतात. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही कापते आणि ७० अंशांच्या आसपासही टिकते. पाणी थोडे जास्त तापले की बीटा लवकर निकामी होते, यीस्टला न पचणारे साखळीचे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन्स, उरतात. झाली बिअर जड!

पनवेलशेजारच्या करंजाडेसारख्या दमट, उकाड्याच्या गावी आणखी एक घोळ. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण २० अंश हवेत. तिशीपारच्या खोलीत ते घाईने आंबवते आणि उग्र, फळांसारखा वास सोडते. अर्थात महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हाच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे.

विकरांची करामत मात्र नाचणीवर खुशाल पाहा. नाचणीच्या पिठाची घट्ट पेज ६५ अंशांपर्यंत निवू द्या, मग मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ त्यात ढवळा. थोड्याच वेळात पेज सैल होते. हे पीठ भाजू मात्र नका आणि उकळत्या पेजेतही घालू नका. दोन्हींत विकरे मरतात.