केरकर, केसरबाई : ध्वनिमुद्रित गायन
हिंदुस्थानी संगीतातील जयपूर-अत्रौली घराण्याच्या श्रेष्ठ गायिका केसरबाई केरकर (१३ जुलै १८९२–१६ सप्टेंबर १९७७) यांच्या गायनाच्या ज्या ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती व त्यांच्या प्रती मागे राहिल्या, त्यांचा हा परामर्श. ज्या गायकीचा मूळ प्रवर्तक स्वतःच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मागे न ठेवता गेला, तिचे साक्षात श्राव्य प्रमाण म्हणून या संग्रहाला संगीताच्या इतिहासात असाधारण महत्त्व आहे. तो आकाराने लहान आहे व त्याचा बराचसा भाग तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांचा आहे. तेव्हा त्यावरून केसरबाईंच्या कलेचे कितपत यथार्थ दर्शन होते, हा प्रश्न जाणकारांपुढे नेहमीच राहिला आहे.

केसरबाईंचा जन्म गोव्यातील फोंडे तालुक्यातील केरी या गावी झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास आल्या व तेथे अब्दुल करीमखाँ यांच्याकडे सुमारे आठ महिने शिकल्या. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची व पुढे मुंबईस सतारवादक बरकतुल्लाखाँ व भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना मिळाली. परंतु या सर्व शिक्षणात खंड पडत गेले. १९२१ मध्ये अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा गंडा बांधल्यावर मात्र त्यांच्या शिक्षणाला स्थिर दिशा लाभली. खाँसाहेबांची कसून तालीम त्यांनी दीर्घकाळ घेतली आणि गुरूंच्या निधनापर्यंत हा संबंध टिकला. पूर्वीच्या गुरूंकडून मिळालेले संस्कार बाजूला सारून आवाज नव्याने घडविण्याचे हे काम होते. ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येणाऱ्या केसरबाई या सर्वस्वी अल्लादियाखाँ यांच्या शिष्या आहेत. आधीच्या गुरूंची छाया त्यांत शोधू जाता फारशी हाती लागत नाही.

भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला व त्या वेळी गौहरजान ही गायिका प्रथम मुद्रित झालेल्या प्रमुख कलावंतांपैकी होती. सुरुवातीच्या काळात गायकाला मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. १९२५ नंतर ध्वनिग्राहकाचा उपयोग होऊ लागल्यावर आवाजातील सूक्ष्म भेद व तंबोऱ्याचा झंकार काही प्रमाणात टिपता येऊ लागला. केसरबाईंचे मुद्रण या दुसऱ्या पद्धतीचे आहे, हे त्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे. कारण खुल्या आकाराचा भरदारपणा हा त्यांच्या आवाजाचा प्राण होता व कर्ण्याच्या यंत्राने त्याचे मोठे नुकसान केले असते. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ व ‘ब्रॉडकास्ट’ या दोन नाममुद्रांनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. ललत, तोडी, देसी, कुकुभ बिलावल, गौड मल्हार, नट कामोद, दुर्गा, मालकंस, भैरवी हे त्यांतील काही राग होत. आपल्या लौकिकाविषयी केसरबाई अत्यंत दक्ष होत्या आणि कोणते मुद्रण बाहेर जावे याबाबत त्या चोखंदळ असत. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची संख्या मर्यादित राहिली, त्याचे हे एक कारण होय.

तत्कालीन लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे व बारा इंचीवर सुमारे साडेचार मिनिटांचे मुद्रण मावत असे. या मर्यादेचा परिणाम सर्व संगीतावर सारखा झाला नाही. फ्रेंच ऑपेरागायिका एमा काल्व्हे (१८५८–१९४२) हिने १९०२ मध्ये लंडन येथे केलेल्या मुद्रणात वाद्यवृंदाऐवजी केवळ पियानोची साथ घ्यावी लागली. परंतु कार्मेन या ऑपेरातील तिचे गीत मुळातच तबकडीत बसण्याजोगे होते व ते आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या रूपात राहिले. ख्यालाचे तसे नाही. ख्यालात बंदिश ही केवळ आधारभूमी असते व तिच्यावर उभारलेली वाढ हेच खरे गायन असते. सोळा मात्रांच्या त्रितालात एका मात्रेस एक सेकंद धरला, तरी तीन मिनिटांत सुमारे अकरा आवर्तने होतात. मैफलीत ज्या रागास केसरबाई एक तास देत, त्याचे स्थायी, अंतरा, आलाप, बोलअंग व ताना अकरा आवर्तनांत कसे मांडावेत, हा प्रश्न त्या वेळच्या प्रत्येक ख्यालगायकापुढे होता. अनेकांनी द्रुत चिजा निवडून किंवा ताना भरून वेळ मारून नेली.

केसरबाईंनी या प्रश्नाची केलेली उकल त्यांच्या घराण्याच्या स्वभावाशी सुसंगत होती. जयपूर गायकीत अतिविलंबित लयीला स्थान नाही. तिचा ठाय मध्यविलंबिताकडे झुकलेला असतो व त्यात प्रत्येक मात्रेचे वजन जाणवत राहते. आलाप आणि तान यांत इतर काही घराण्यांप्रमाणे स्पष्ट खंड पडत नाही. स्वरवाक्य एका दमात गुंफले जाते, आकारातच वळणे घेत ते समेकडे जाते आणि मुखड्यात सहज विलीन होते. हे आवर्तन स्वयंपूर्ण असल्यामुळे काही थोडी आवर्तने ऐकूनही बांधणीचे तत्त्व कळते. केसरबाईंच्या तबकड्यांत गायन घाईत उरकल्याचा भास होत नाही, याचे इंगित येथे आहे. तबकडीतील पहिल्याच आवर्तनात रागाचे रूप स्पष्ट होते. त्यानंतर पेचदार तानाही आकारातील गोलाई न सोडता येतात आणि मंद्र, मध्य व तार या तिन्ही सप्तकांत आवाजाची जात बदलत नाही. तान ही गळ्याची करामत न वाटता आलापाचीच गतिमान अवस्था वाटते.

रागांच्या निवडीचाही येथे विचार केला पाहिजे. अल्लादियाखाँ हे अनवट व जोडरागांसाठी प्रसिद्ध होते. दोन रागांचे मीलन करताना सांधा दिसू न देणे ही त्यांच्या परंपरेची कसोटी मानली जाते. केसरबाईंच्या नट कामोदात नट व कामोद या रागांची अंगे एकाच स्वरवाक्यात परस्परांत मिसळतात. याउलट ललत, तोडी, मालकंस हे सर्वपरिचित राग असल्याने त्यांच्या ध्वनिमुद्रिका इतर घराण्यांच्या गायनाशी ताडून पाहता येतात आणि तुलनात्मक अभ्यासास अधिक उपयोगी पडतात.

या गायकीची अन्य श्राव्य साधने फारशी विपुल नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–९२) यांनी अल्लादियाखाँ यांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडून विद्या मिळविली. दीर्घायुष्य व नव्या ध्वनिमुद्रणतंत्राचा लाभ यांमुळे त्यांचे विस्तृत गायन टिकून राहिले. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचेही काही गायन उपलब्ध आहे. खुद्द खाँसाहेबांकडून दीर्घ तालीम मिळालेल्या व ऐन भरातील आवाजात मुद्रित झालेल्या कलावंतांत मात्र केसरबाईंचे स्थान पहिले आहे. शिवाय त्यांनी शिष्य फारसे तयार केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांना त्यांनी उत्तरायुष्यात विद्या दिली, एवढेच ठळक उदाहरण सांगता येते. त्यामुळे पुढील पिढीतील अनेक अभ्यासकांना केसरबाईंची ओळख झाली ती तबकडीद्वारेच. मुंबई, कोल्हापूर व कलकत्ता येथील मैफलींपासून दूर असलेल्या भागांत, उदा., १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या नांदेड, लातूर यांसारख्या ठिकाणी, ज्या रसिकास प्रत्यक्ष मैफल ऐकणे शक्य नव्हते त्याला ध्वनिमुद्रिकेवाचून या गायनापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असे.

मैफलीतून केसरबाईंना मिळालेली कीर्ती मोठी होती. रवींद्रनाथ टागोर यांनी त्यांच्या गायनाची प्रशंसा केली. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या संगीतप्रेमी संस्थेने त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६९ मध्ये पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना ‘राज्यगायिका’ म्हणून गौरविले. तत्पूर्वीच, १९६३-६४ च्या सुमारास, आवाज उतरू लागण्याआधी त्यांनी जाहीर मैफली थांबविल्या होत्या.

त्यांच्या एका ध्वनिमुद्रणास लाभलेले भाग्य कोणत्याही भारतीय गायकाच्या वाट्यास आलेले नाही. अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ या दोन अवकाशयानांबरोबर, दूरच्या काळी एखाद्या परग्रहवासी बुद्धिमान जीवाच्या हाती पडावी या कल्पनेने, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठविण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्यासाठी सुमारे ९० मिनिटांचे, २७ तुकड्यांचे संगीत निवडले. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीवरून भारताचा प्रतिनिधी म्हणून केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज तीत समाविष्ट झाली. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा अमेरिकेत दुर्मिळ होती. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत् उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. तबकडीवर सुमारे साडेतीन मिनिटांची ही भैरवी चीनमधील छिन या तंतुवाद्याच्या वादनानंतर व अमेरिकन निग्रो गायक ब्लाइंड विली जॉन्सन याच्या गायनापूर्वी येते. मोट्सार्टच्या द मॅजिक फ्लूट या ऑपेरातील एडा मोझर हिचे उच्चस्वरी गीतही तीत आहे. ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीचाही अंतर्भाव आहे. ‘व्हॉयेजर–२’ २० ऑगस्ट १९७७ रोजी व ‘व्हॉयेजर–१’ ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्यानंतर ११ दिवसांनी मुंबई येथे केसरबाईंचे निधन झाले. ‘व्हॉयेजर–१’ ने २०१२ मध्ये व ‘व्हॉयेजर–२’ ने २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

या निवडीमुळे केसरबाईंचे नाव संगीताच्या वर्तुळाबाहेर पोहोचले. तथापि तीवरून त्यांच्या कलेविषयी गैरसमज होण्याचाही संभव आहे. ठुमरीच्या वळणाची भैरवी ही मैफलीच्या शेवटी गाण्याची गोष्ट. केसरबाईंचा मुख्य प्रांत ख्यालाचा होता आणि त्यांची कीर्ती त्यावरच उभी होती. ठुमरीतील लाडिकपणा किंवा शब्दांचे अभिनयपूर्ण उच्चारण त्यांच्या भैरवीत अल्प आहे. ख्यालाची घट्ट शिस्त व आकाराचा गंभीर भरणा तीतही कायम आहे. जयपूर गायकीचे स्वरूप जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने मात्र प्रथम ललत किंवा नट कामोद ऐकणे अधिक योग्य ठरेल.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रणांतील निवडक भाग पुढे दीर्घवादन ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती व संहत तबकड्या या क्रमाने पुनर्प्रकाशित झाला. याखेरीज मैफलींची काही खाजगी ध्वनिमुद्रणे रसिकांच्या संग्रहांतून अभ्यासकांकडे आली आहेत. ती तांत्रिक दृष्ट्या सदोष असली, तरी तबकडीत न मावणारा विस्तार, साथीदारांशी चालणारा संवाद व रागाची सावकाश होणारी उभारणी त्यांतच ऐकावयास मिळते. तबकडी व मैफल यांची तुलना केल्यास तबकडीत काय गाळले गेले एवढेच नव्हे, तर काय आग्रहाने राखले गेले हेही कळते.

पुनर्मुद्रणाबाबत दोन अडचणी वारंवार येतात. मूळ मुद्रणाच्या वेळी तबकडीची गती अचूक ७८ नसल्यास, प्रत काढताना ती ७८ धरल्याने स्वराची पट्टी व लय दोन्ही बदलतात. गती अधिक झाली की आवाज कृत्रिम रीतीने उंच व पातळ होतो. केसरबाईंच्या भारदस्त आवाजाचे यात विशेष नुकसान होते. दुसरी अडचण खरखर काढण्याची. ती प्रमाणाबाहेर गाळली, तर तिच्याबरोबर तंबोऱ्याचे उपस्वर व आकाराची धारही नाहीशी होते. अशा वेळी थोडी खरखर सहन करून मूळ तबकडीच्या जवळची प्रत ऐकणे श्रेयस्कर असते. भारतीय प्रताधिकार कायद्याप्रमाणे प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो. ती मुदत संपल्याने केसरबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या नव्या प्रती काढण्यास आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही.