परीक्षा एजंटची, पागडी मात्र मोकाट

घरविक्रीच्या धंद्यात उतरणाऱ्याला महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, 10 जानेवारी 2023च्या आदेशाने शाळेत बसवलं. 20 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि प्रमाणपत्र हाती आलं तरच एजंट म्हणून पाच वर्षांची नोंदणी. मुदतवाढी देतदेत 1 जानेवारी 2024पासून ही अट सक्तीची झाली. वीस तासांत कुणी काय शिकणार, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. कॅलिफोर्नियात नवख्या विक्रेत्याला परीक्षेआधी 135 तासांचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. आपल्याकडची पहिली परीक्षा तर बहुतेक सगळेच पास झाले. पण या अटीचं मोल परीक्षेच्या काठिण्यात नाहीच. गिऱ्हाईक फसलं तर कुणाला धरायचं, हे तिने ठरतं. नोंदणीशिवाय व्यवहार जुळवणाऱ्याला दिवसाला 10,000 रुपये आणि वाढत जाऊन घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद रेरा कायद्यात आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. हा कायदा मुख्यतः बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरता आहे. त्यामुळे लालबाग-परळमध्ये गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमधला फ्लॅट विकणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं आणि समोरच्या चाळीतली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेहक्क घ्यायची, खोली विकणाऱ्याला काहीच लागत नाही. खरं तर धोका चाळीत जास्त. टॉवरचा मंजूर नकाशा, चटई क्षेत्र, ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीचं काय दिसतं? भाडेपावती वारलेल्या आजोबांच्या नावावर, वारस चार, घरमालकाला हवा त्याचा हिस्सा आणि पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्यात की नाही, हे फक्त दलालाला ठाऊक. एकेकाळी गुन्हा असलेली पागडी 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने राजरोस केली. व्यवहार उजेडात आला, पण तो जुळवणाऱ्याला पात्रता कुणी विचारली नाही.

चाळीतला दलाल पिढ्यांच्या ओळखीवर चालतो, त्याला परीक्षेला बसवलं तर त्याचं पोट जाईल, असं म्हणतात. ओळख कामाची असते हे मान्य. पण वांधा झाला की तीच ओळख तोंड फिरवते आणि घेणाऱ्यापुढे दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट उरते. पोटाचाच प्रश्न असेल तर शुल्क नाममात्र ठेवा, परीक्षा मराठीत घ्या, भाडेपावती आणि वारसाहक्क यांवरच प्रश्न विचारा. रेरा केंद्राचा कायदा आहे, राज्य काय करणार, ही सबबही टिकत नाही. भाडे नियंत्रण कायदा राज्याचाच आहे, त्यात एक कलम घालायला विधानसभेला कुणी अडवलेलं नाही.

ते कलम येईपर्यंत पागडीची खोली घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी तीन कागद मागावेत: चालू भाडेपावती, सगळ्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि घरमालकाची लेखी संमती. दलाल यातला एक जरी कागद ‘नंतर देतो’ म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.